इशाऱ्याच्या ओळी

आमच्या वेबसाइटवरून एका लॅबचे रक्ततपासणीचे रिपोर्ट लोकांना मेलने जातात. आत काय चाललंय ते सर्व्हर ओळीओळीने लिहून ठेवतो, त्याला आम्ही लॉग म्हणतो. त्यातल्या शंभर ओळींत आमच्या स्वतःच्या जेमतेम चार. बाकीच्या लायब्रऱ्यांच्या, म्हणजे बाहेरून आयत्या घेतलेल्या कोडच्या. डेटाबेसशी जोडणारी लायब्ररी तर दार उघडलं तरी सांगते, लावलं तरी सांगते. दोन दिवसांत डिस्क तुडुंब भरायची आणि जुना लॉग पुसावा लागायचा.

टीमच्या प्रमुखांना आम्ही त्यांच्यामागे मास्तर म्हणतो. सोमवारी ते म्हणाले, या सगळ्यांची तोंडं बंद कर एकदाची. मुलगी झोपली होती, म्हणजे माझ्या हातात चाळीस मिनिटं होती. कोणी किती बोलायचं याची पातळी प्रत्येक लायब्ररीला वेगळी ठरवून देता येते, पण त्यासाठी आधी प्रत्येकीचं बोलणं वाचावं लागतं. मी एकच ओळ लिहिली: बाहेरच्यांनी चूक झाली तरच बोलायचं. मुलगी कूस बदलायच्या आत काम झालं. मास्तरांनी अंगठा पाठवला.

बुधवारी लॅबच्या काउंटरवरच्या ताईंचा फोन आला. सोळा वर्षं त्या तिथे बसतात. त्यांना वेबसाइट शिकवायला गेले तेव्हा मला सातवा महिना होता. पुढे मुलीचा पहिला स्वेटर त्यांनीच विणला. महिन्याभरात चौदा जणांना रिपोर्ट पोचलेच नव्हते. लॅबच्या डॉक्टरांचं म्हणणं, ताई पाठवायला विसरतात. शनिवारपर्यंत दुसरं काही कारण निघालं नाही, तर त्यांना मागच्या खोलीत बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला बसवणार होते.

"मी बटण दाबलं होतं गं," ताई म्हणाल्या. "पण आता माझाच माझ्यावर भरवसा राहिला नाही. काल भाजी कोणती केली ते आठवत नाही, बटण काय आठवणार?"

मी लॉग उघडला. सोमवारपासून मेल पाठवणाऱ्या लायब्ररीची एकही ओळ नव्हती. मग तिची माहिती वाचायला घेतली, जी सोमवारीच वाचायला हवी होती. समोरून मेल स्वीकारला गेला नाही, तर ती तीनदा प्रयत्न करते आणि नाद सोडते. याला ती चूक म्हणत नाही; इशारा म्हणून लिहिते. ताईंच्या बाजूने बोलू शकणारी एवढी एकच होती आणि तिला मीच गप्प केलं होतं. सोमवारच्या आधीचं सगळं पुसलं गेलं होतं.

मास्तरांना फोन करून हे सांगितलं. चुका सगळ्यांच्याच होतात, असं म्हणून आधी वाचण्याचं महत्त्व त्यांनी दहा मिनिटं समजावलं. मुलगी मांडीवर होती, निम्मं तिनेच ऐकलं. त्याच दुपारी मी प्रत्येकीला तिची तिची पातळी दिली. डेटाबेसवालीने फक्त चुका सांगायच्या, मेलवालीने इशारेसुद्धा.

गुरुवार कोरा गेला. शुक्रवारी दुपारी दोन ओळी आल्या: वेळ, पत्ता, तीन प्रयत्न, सोडून दिलं. म्हणजे बटण दाबलं गेलं होतं. त्या दोन ओळी मी डॉक्टरांना पाठवल्या. सोमवार ते बुधवारच्या ओळी माझ्यामुळे गेल्या, हेही लिहिलं. त्यांनी विचारलं, दोघांचं समजलं, चौदांचं काय? मी कळवलं, माहीत नाही आणि आता कळणारही नाही.

शनिवारी ताई काउंटरवरच बसल्या. डॉक्टरांनी 'तूर्तास' असा शब्द वापरला होता. मी फोन करून माझी चूक त्यांनाही सांगितली. त्यांनी ती नीट ऐकून घेतली.

"म्हणजे त्या चौदांत मी खरंच विसरलेले एखाद-दोन असतील?"

"असतील, ताई."

"बरं," त्या म्हणाल्या. पेनाचं टोपण काढल्याचा आवाज आला. "आज कोणाचे अडकलेत ते सांग. मी फोन करते त्यांना."