शेवटचं घर आणि दुनिया

“आज दुपारी साडेतीनला पडेगावचा आवाज सारी दुनिया ऐकणार आहे!” दुकानाच्या पायरीवर उभं राहून गयासभाई गादीवाल्यांनी जाहीर केलं.

“साडेतीनला?” जाता जाता आवडाबाई थबकल्या. “साडेतीनला तर नळ यायचाय.”

दुनियेचं काय व्हायचं ते होवो, नळ आठवड्यातून एकदाच येतो. गयासभाईंचा चेहरा पाण्यात पडलेल्या गादीसारखा झाला. त्यांची लेक युसरा वकिली शिकून परदेशी गेलेली. आज ती जिनिव्हाला, संयुक्त राष्ट्रांच्या सभेत, मानवी हक्कांवर दोन मिनिटं बोलणार होती. दोनच मिनिटं, पण त्यापायी गयासभाईंनी घरातला टीव्ही रस्त्यात मांडला होता, विकायच्या कोऱ्या गाद्या गल्लीभर अंथरल्या होत्या आणि बायकोला, फहमिदाभाभींना, मोठ्या पातेल्यात चहा टाकायला लावला होता. आता त्या गाद्यांवर बसणार कोण? बादल्या?

“मावशी, तुम्ही नाय आल्या तर मी टीव्हीच लावत नाय. तुमच्या ओट्यावर बसून शिकली ती.”

“येते रं बाबा. ड्रमात पाइप सोडून येते.”

आवडाबाईंचं घर गल्लीच्या टोकाला, चढावर. खाली नळाचं पाणी खेचणारी एक जरी मोटर लागली तरी पाणी वर चढायला नकार देई. म्हणून त्यांचा ड्रम भरेपर्यंत कुणीही मोटर लावायची नाही, असा गल्लीचा कायदा होता. तो कुणी लिहिला नव्हता, कुणी सहीही केली नव्हती. खालच्या घरातल्या बन्सीनं तो एकदाच मोडला. त्या ईदला त्याच्या घरी शिरखुर्मा गेला नाही आणि दिवाळीला फराळ गेला नाही. तेव्हापासून बन्सीइतका कायद्याचा माणूस गल्लीत दुसरा नाही.

गयासभाईंना मात्र आज वेगळाच घोर लागला. आपण यजमान. पोरगी बोलत असताना टाकी भरायला उठायचं, हे शोभतं का? त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, आतल्या अंगणातल्या मोटरीवर दुकानातल्या दोन जाड रजया घातल्या आणि बटण दाबून ठेवलं. धंदा शेवटी असा उपयोगी पडतो.

नळ अगदी वेळेवर आला. गल्लीनं जागोजाग पाइप सोडले आणि गाद्यांवर बैठक मारली. टीव्हीवर युसरा दिसली.

“कार्टी किती वाळली!” आवडाबाई म्हणाल्या. त्यांची सून मोनाली कॉलेजात इंग्रजी शिकवते. ती टीव्हीशेजारी उभी राहून मराठीत सांगू लागली.

“ती म्हणते, लढाईलासुद्धा कायदा असतो. लोकांचं पिण्याचं पाणी तोडायचं नाही, पाण्याच्या टाक्यांवर बॉम्ब टाकायचे नाहीत. हे लिहून ठेवलंय, देशांनी सह्या केल्यात. आणि तरीही आज शहरंच्या शहरं तहानलेली आहेत.”

तहानेचं भाषांतर तिथं कुणालाच लागत नव्हतं.

“ती म्हणते, काही देश सांगतात, आम्ही कुठं सही केलीय? पण सही नसलेलेही कायदे असतात, पाळून पाळून झालेले. मी ज्या गल्लीत वाढले...” मोनाली गाद्यांवरल्या गल्लीकडं वळली. “तिथं शेवटचं घर भरल्याशिवाय कुणी मोटर लावत नाही. पोलीस नाही, कोर्ट नाही, तरी लावत नाही. माझ्या गल्लीला जे जमतं, ते इथं बसलेल्या राष्ट्रांना का जमू नये?”

बन्सीनं चक्क डोळे पुसले. फहमिदाभाभींच्या हातातला चहा हातातच राहिला. आपली गल्ली, नाल्याकडची, खड्ड्यांची, जिनिव्हात पोचली होती. गयासभाईंची छाती सदऱ्यात मावेना. टाळ्या वाजवायचंही कुणाला सुचलं नाही, इतकी शांतता.

त्या शांततेत गयासभाईंच्या घरातून आवाज आला. घूंऽऽऽ. मऊ, उबदार, दोन रजयांतला.

एकेक मान वळली. गयासभाई टीव्हीकडंच पाहत राहिले. तिथं आता दुसऱ्याच कुठल्या देशाचे साहेब बोलत होते, तरीही.

आवडाबाई उठल्या. टीव्हीवरून हात ओवाळून त्यांनी कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

“गयास, पोरीनं नाव काढलं बघ. तुझंबी आन् गल्लीचंबी.”

“सब आपकी दुवा, मावशी,” गयासभाई कसेबसे म्हणाले.

“व्हय बाबा,” आवडाबाई म्हणाल्या. “आता तेवढी मोटर बंद कर.”