प्रभुलिंगचा दम

सोलापुरात लग्नाचा बँड ठरवायला आलेली माणसं आधी विचारत, क्लॅरिनेटला प्रभुलिंग आहे ना? तीस वर्षं तो वरातीपुढे वाजवत होता. त्यानं एकदा सूर धरला की तो किती वेळ टिकतो म्हणून लोक हातातलं घड्याळ बघत.

विशीत त्याला ढोल वाजवणाऱ्या येडूनं चिलीम दिली. तेव्हापासून रोज संध्याकाळी दोघं गांजाचे चार झुरके ओढत. बिडी वाईट, सिगारेट वाईट, पण गांजा म्हणजे झाडपाला, शिवाय महादेवाचा, त्यानं काय होतंय, असं प्रभुलिंगचं मत. सकाळी मात्र तो अर्धा तास खोकायचा. शेजारीण त्या खोकल्यावर पोरांना शाळेसाठी उठवायची.

मैंदर्गीच्या एका वरातीत नवऱ्याचे मामा महादेवप्पा नागीण होऊन रस्त्यावर आडवे पडले होते. प्रभुलिंगनं सूर वर चढवला आणि उबळ आली. सूर तुटला. मामा फणा काढून तसेच थांबले. लोक हसले. पण खोकला थांबेना, तेव्हा मामाच उठले, त्याला कट्ट्यावर बसवून पाणी पाजलं आणि छाती दाखवून घ्या म्हणाले.

चार दिवसांनी बायको भुवनेश्वरी त्याला छातीच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. मशीनच्या नळीत फुंकायचं म्हटल्यावर तो खूश झाला. जन्मभर तेच तर केलं होतं. बाईंनी तीनदा फुंकायला लावलं, आलेख पाहिला आणि बिडी-सिगारेटचं विचारलं. त्यानं छातीठोकपणे नाही म्हटलं.

भुवनेश्वरी खाली बघत म्हणाली, “चिलमीचं सांगा की.”

“महादेवाचा प्रसाद हाय तो, बाई.”

“धूर आहे,” बाई म्हणाल्या. “आणि तुम्ही तो आत दाबून धरता.”

मग त्यांनी समजावलं. इतक्या वर्षांच्या धुरानं श्वासनळ्या सुजून राहिल्या होत्या, कफ त्याचाच होता. चिलीम सुटली तर खोकला बराच उतरेल. गेलेला दम सगळा परत येईलच, असं नाही.

खोकल्याचं त्याला काही नव्हतं. क्लॅरिनेट सुटेल, ही धास्ती होती.

त्यानं चिलीम सोडली. पंधरा दिवस धड झोप नाही, जेवण नाही, दूधवाल्याशीसुद्धा भांडला. येडूला सांगणं त्याहून जड गेलं. येडू तोंड वाकडं करून निघून गेला आणि महिनाभर दोघांत ढोलापुरतंच बोलणं राहिलं.

पाच महिन्यांनी सकाळचा खोकला दोन-चार मिनिटांवर आला. मशीनवरचा आलेखही थोडा वर सरकला, पुरता नाही. लांब सुराच्या मध्ये तो आता उघडपणे श्वास घ्यायचा. पहिल्यांदा लाज वाटली, मग सवय झाली.

टेंभुर्णीचं लग्न वाजवून दुपारी परत येताना टेम्पोत येडू त्याच्या शेजारी येऊन बसला. मोहोळ येईपर्यंत तो तीनदा खोकला. मग हळूच म्हणाला, “त्या नळीत फुंकताना दुखतं का रं?”

“न्हाय,” प्रभुलिंग म्हणाला. “उद्या नऊला तयार ऱ्हा. मी येतो घ्यायला.”