दोन मार्तंड आणि एक नथ

तिकडे ट्रॉम्बेला अणुभट्टी उभी राहत होती, आणि इकडे मुलुंडला आमच्या श्यामसुंदरभाऊजींना दोन मार्तंड वेगळे करता येत नव्हते. भाऊजी म्हणजे माझ्या यजमानांचे लांबचे चुलतभाऊ, सरकारी कचेरीत हेडक्लार्क. पुढची बढती मिळायची चिन्हं दिसेनात, तेव्हा त्यांनी आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत लिहायला घेतला.

घोळ घराण्याच्या रीतीचा होता. थोरल्या नातवाला आजोबांचं नाव द्यायचं. कोकणात सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी दोघा सख्ख्या भावांनी ही रीत इतकी मनावर घेतली की दोघांच्याही घरी मार्तंड झाले. एका मार्तंडाने पदरमोड करून देवीच्या देवळाला पायऱ्या बांधल्या. दुसऱ्याने देवीची नथ लांबवली आणि गावातून पोबारा केला. एक मार्तंड मुलुंडवाल्यांचा पणजोबा, दुसरा आम्हा घाटकोपरवाल्यांचा. कुठला कुणाचा, हे सांगणारं गावात कुणी उरलं नव्हतं. भाऊजी घराण्यातल्या झाडून सगळ्या पुरुषांना विचारून आले. कुणालाच ठाऊक नव्हतं.

मग त्यांनी स्वतःच निकाल लावला. गुण रक्तात उतरतात, म्हणाले. मुलुंडच्या शाखेत हेडक्लार्क निपजला, तेव्हा पायऱ्या त्यांच्या. आमच्या शाखेत माझे दीर मॅट्रिकला दोनदा आपटले, तेव्हा नथ आमची.

माझं डोकंच फिरलं. माझ्या शुभाचं अंधेरीला जमत आलं होतं. मुलगी पसंत होती, पण कुलवृत्तांत हाती आला की वाचू आणि मगच सुपारी फोडू, असा मुलाच्या वडिलांचा निरोप होता. चोराची खापरपणती कोण करून घेणार? माझे यजमान विद्याधर "जाऊ दे ना" म्हणाले. ते आयुष्यभर तेवढंच म्हणत आलेत. शेवटी मीच मुलुंडला जाऊन भाऊजींच्या विनवण्या केल्या. निदान नक्की माहीत नाही एवढं तरी लिहा, म्हटलं. त्यांनी सावकाश चष्मा पुसला.

"नलिनी, इतिहासाला पुतणी नसते."

पुस्तकासाठी सगळ्या घराण्याचा फोटो काढायचा ठरला. भाऊजींच्या अंगणात खुर्च्या मांडल्या. बायकांनी नऊवारी नेसून, नथ घालून यावं, कुळाची शान दिसली पाहिजे, असं त्यांचं फर्मान होतं. आम्ही सगळ्या नटून आलो. फक्त त्यांची बायको, जयंतीवहिनी, रिकाम्या नाकाने आल्या. लग्नाला पंचवीसेक वर्षं झाली असतील, पण बायकोच्या नाकाकडे भाऊजींचं लक्ष गेलं ते त्या दिवशी. चारचौघांत ते वहिनींवर खेकसले. मला वाईट वाटलं, म्हणून मी माझी नथ काढून वहिनींपुढे धरली.

"नको गं," वहिनी म्हणाल्या, "मुलुंडच्या सुनांना नथ चालत नाही. लग्नाच्या दिवशीच सासूबाईंनी माझी उतरवून ठेवली."

"का?" भाऊजींनी विचारलं.

"तुमच्या पणजोबांनी देवीची नेली ना. तेव्हापासून या घरात कुणी घालत नाही."

फोटोग्राफरने काळ्या कापडाखालून डोकं बाहेर काढलं. भाऊजींचा चेहरा उतरला होता.

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तुम्ही पुरुषांना विचारत होतात."

मला इतका आनंद झाला की मी नथ परत घालायची विसरले.

कुलवृत्तांत छापून आला. सगळ्या गोतावळ्याने ऐकलेलं, त्यामुळे पायऱ्या आमच्या मार्तंडाला द्याव्याच लागल्या. अंधेरीवाले खूश झाले आणि शुभाची सुपारी फुटली. दुसऱ्या मार्तंडाबद्दल भाऊजींनी लिहिलंय, "यांनी धामधुमीच्या काळात देवीचा अलंकार सुरक्षित स्थळी हलवला." गुण रक्तात उतरतात, हे वाक्य मात्र प्रस्तावनेतून गळलंय.

फोटोही आहे. मधोमध जयंतीवहिनी, रिकाम्या नाकाने, चक्क हसताना. खाली पुरुषांची नावं ओळीने दिली आहेत, आणि आमच्याबद्दल शेवटी "व महिलावर्ग" एवढंच.