खंडेनवमीला गिळलेला शब्द

अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये खंडेनवमीच्या सकाळी सगळ्यांत आधी आली ती छाया. तिने तिन्ही लेथ मशीनं पुसून काढली, लोखंडाचा कीस झाडला, तेलपाणी केलं, फरशी धुतली. सगळं लख्ख झाल्यावर सासूबाई लताबाई पूजेचं ताट घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "झालं ना? आता तू दाराभायेर थांब. पूजा मनाली करंल. सवाष्णीचा हात लागू दे. अन् मुहूर्ताच्या टायमाला मधीच तोंड उघडू नको बाई."

छाया निमूट बाहेर जाऊन उभी राहिली. घाम गाळायला विधवा चालते, हळदकुंकू वाहायला चालत नाही. ही रीत आपल्याकडे इतकी अंगवळणी पडलीय की तिची लाजही कुणाला वाटत नाही.

चार वर्षांपूर्वी तिचा नवरा ललित रस्त्यावरच्या अपघातात गेला. तोवर तिला काय येतं, असं माहेरी की सासरी कुणी विचारलं नव्हतं. पोळ्या गोल होतात ना, मग झालं! ललितच्या मागे घरात तिचा जीव घुसमटायला लागला, तेव्हा सासरे जयरामअण्णांनी तिला आपल्या या शेडमध्ये तयार माल खोक्यांत भरायला बसवलं. तिसऱ्याच आठवड्यात ती मान वर करून म्हणाली, "अण्णा, मधल्या मशीनचं काहीतरी दुखतंय." कामगार फिदीफिदी हसले. अण्णांनी उघडून पाहिलं, तर बेअरिंग पार खिळखिळं झालेलं.

मग अण्णांनीच तिला, ललित चालवायचा त्या मशीनवर उभं केलं. हत्याराची धार गेली की तिला नुसत्या आवाजावरून कळे. केसभराचा फरक तिची बोटं आधी सांगत, मोजपट्टी मागाहून. वयाच्या एकतिसाव्या वर्षी छायाला पहिल्यांदा वाटलं, आपण उगाच जन्माला आलेलो नाही. अण्णांना याचं कौतुक होतं, पण बायकोपुढे ते बोलून दाखवण्याइतकी हिंमत त्यांच्यात नव्हती.

आत पूजा सुरू झाली होती. मनाली म्हणजे धाकट्या दिराची, रवीची बायको. पोरगी स्वभावाने गोड, पण शेडचं तोंड वर्षातून एकदाच पाहणारी. तिने मोठ्या भक्तीने झेंडूचा जाड हार मशीनच्या चकला बांधला. चक म्हणजे नेमका तो भाग, जो गरगर फिरतो. रवी गिऱ्हाइकं सांभाळायचा, मशीनचा आणि त्याचा संबंध फोटोपुरता. अण्णा पाठमोरे बसून नारळ फोडत होते आणि कामगार अजून यायचे होते.

"मनाली, तशीच उभी राहा हां," रवी एका हातात मोबाइल धरून म्हणाला. "मुहूर्ताला एक चक्कर फिरवतो, मस्त व्हिडिओ येईल."

छायाला दारातून तो हार दिसला. 'रवीभाऊ, थांबा!' हे शब्द अगदी जिभेच्या टोकावर आले. पण तेवढ्यात लताबाईंनी तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं. शुभवेळी आपण ओरडायचं? छायाने शब्द गिळला.

रवीने खटका ओढला. हार तुटू लागला, तो सावरायला मनालीने भाबडेपणाने हात पुढे केला, आणि हाराचा दोरा तिच्या बोटांभोवती गुंडाळला जाऊन तिला आत ओढू लागला. ती किंचाळली. रवी मोबाइल धरून नुसता बघत राहिला. उंबरा ओलांडून छायाच धावली आणि तिने मशीन बंद करायचं लाल बटण दाबलं.

मनालीच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

दवाखान्याच्या व्हरांड्यात लताबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या, "पांढऱ्या पायाची दारात उभी व्हती, दुसरं काय व्हनार?" बटण कुणी दाबलं, हे रवीनेही सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी खोलीत कुणी नसताना मनालीने विचारलं, "ताई, तुम्हाला हार दिसला होता ना?"

"हो."

"मग ओरडल्या का नाहीत?"

सासूबाईंनी गप्प राहायला सांगितलं होतं, हे उत्तर खरं होतं. पण त्या बँडेजकडे पाहून ते द्यायची छायाला शरम वाटली. घरी येऊन ती ढसाढसा रडली. मशीनचं दुखणं आपल्याला कळतं, याचा तिला केवढा अभिमान होता! पण कळून गप्प बसायचं असेल, तर ते कळणं काय कामाचं? सांगणं हेच तर तिचं काम होतं, आणि नेमकं तेच तिने केलं नव्हतं.

संध्याकाळी अण्णा आले. खाली बघतच म्हणाले, "छाया, थोडे दिवस शेडमध्ये येऊ नको. तुझी सासू ऐकत नाही, भाऊबंद बोलतायत."

"नाही अण्णा. त्या दिवशी मी सगळ्यांचं ऐकलं, आणि भोगतेय मनाली. उद्या सकाळी मी कामावर येणार. तिचा हात बरा झाला की तिलाही आणणार. मशीन कसं चालतं, हात कुठे घालायचा नाही, हे तिला मी शिकवणार. पूजा त्याच्यानंतर."

"अन् लोकांना मी काय सांगू?"

"खरं ते सांगा," छाया म्हणाली. "त्या दिवशी तिथे मशीन कळणारी एकच बाई होती, आणि आपण तिला दाराबाहेर उभं केलं होतं."