थोरली मागे आहे

“आणि या तुमच्या थोरल्या बहीण रोज दिसतात तुम्हाला?” डॉक्टरांनी पेन खाली ठेवून विचारलं.

आपण नको ते बोलून बसलो, हे धाकटीच्या तेव्हाच लक्षात आलं.

“दिसत नाही हो. जिना चढताना मागे असते. मला दम लागून मी थांबले की तीही थांबते.”

“कधी गेल्या त्या?”

“उन्हाळ्यात.”

डॉक्टरांचा आवाज एकदम मऊ झाला. दुःखाने असं होतं, ते म्हणाले, छाती भरून येते, धडधडतं. लहानपणीच्या तापाने धाकटीच्या हृदयाची एक झडप आकसली होती, पण मागच्या तपासणीत फारसं काही निघालं नव्हतं. पुढची तपासणी वर्षअखेरीला. तोवर झोपेची गोळी.

“बरं,” म्हणून धाकटी उठली.

जन्मभर ती ‘बरं’च म्हणत आली होती. दोघी बहिणींनी लॉन्ड्रीत हॉटेलांच्या चादरी धुण्यात आयुष्य काढलं, लग्नं राहून गेली. मुकादमाशी भांडण असो की डॉक्टरांना विचारणं, तोंड थोरलीचं चालायचं. धाकटी शेजारी बसून मान डोलवायची. आणि ती थोरली एका पहाटे झोपेतच गेली. बोलघेवडी बाई, जाताना चकार शब्द बोलली नाही.

गोळीने झोप येई, पण आडवं झालं की छातीवर ओल्या कपड्यांचा गठ्ठा ठेवल्यासारखं होई. धाकटी भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपू लागली. मग एका दुपारी चादरीची घडी घालताना डोळ्यांपुढे अंधार आला आणि ती जागच्या जागी कोसळली.

“थोरली बोलावतेय गं तुला,” इस्त्रीवाली मावशी तिला पाणी पाजत म्हणाली. “फार जीव होता ना तिचा तुझ्यावर.”

मावशीच्या मनात वाईट काही नव्हतं. पण धाकटीच्या अंगावर सर्रकन काटा आला, कारण ते ऐकून तिला क्षणभर बरं वाटलं होतं. काही बोलायला नको, कुणाशी वाद नको. थोरली नेईल तिकडे मुकाट जायचं.

दुसऱ्या दिवशी ती नंबर न लावताच दवाखान्यात जाऊन बसली. शेवटचा पेशंट गेल्यावर आत शिरली.

“गोळ्या संपल्या का?” डॉक्टरांनी विचारलं.

“गोळ्या नकोत. माझी तपासणी आत्ताच करा.”

“अहो, मागच्या वेळी मी समजावलं ना…”

“तुम्ही समजावलंत. माझंच सांगायचं राहिलं. काल कामावर चक्कर येऊन पडले. मला आडवं झोपता येत नाही. तुम्ही जरा माझ्याबरोबर जिन्यापर्यंत चला.”

“जिन्यापर्यंत? कशाला?”

“चला तर खरं.”

तिने हट्टच धरला, तेव्हा डॉक्टर उठले. दोघं जिना चढू लागले. वळणाआधीच धाकटीने कठडा धरला. तोंडाने श्वास घेऊ लागली, खोकल्याची उबळ आली, ओठ निळसर झाले. डॉक्टरांनी तिला तिथेच पायरीवर बसवलं आणि गळ्यातली नळी कानाला लावून तिची छाती ऐकू लागले. बराच वेळ ऐकत राहिले.

मग त्यांनी हळूच विचारलं, “आत्ताही आहेत का त्या?”

“आहे ना. मागेच उभी आहे.” धाकटीने वळून पाहिलं नाही. “ती आहे ते आहेच, डॉक्टर. पण दम मला लागलाय.”

तपासणी त्याच दिवशी झाली. झडपेला जेमतेम फट उरली होती. “मी आधीच ऐकायला हवं होतं,” डॉक्टर म्हणाले. थोरलीने बरंच काही सुनावलं असतं.

ऑपरेशन होऊन झडप बदलली. धाकटी वॉर्डात आली, त्यालाही आता बरेच दिवस झाले होते. नर्सने धरून तिला जिना चढवला, पुन्हा उतरवला. श्वास नीट चालत होता. मागे कुणाची चाहूल नव्हती. ती मुद्दाम मध्येच थांबलीसुद्धा.

भेटीच्या वेळी वॉर्ड माणसांनी भरून गेला. पलीकडच्या खाटेपाशी चौघं आले होते, बसायला जागा नव्हती. त्यांतल्या एका बाईने येऊन धाकटीच्या उशाशी ठेवलेल्या खुर्चीवर हात ठेवला.

“कुणी यायचंय का तुमच्याकडे?”

धाकटी खुर्चीकडे बघत राहिली.

“नाही,” ती म्हणाली. “न्या तुम्ही.”