बरणीत विरलेल्या गाठी

फर्निचरच्या दुकानावरचा हॉल सकाळीच खचाखच भरला होता. रांग पार लोखंडी जिन्यापर्यंत, आणि रांगेतल्या प्रत्येकाच्या अंगात कुठं ना कुठं गाठ. समोर मणीबाबा. त्यांच्यापुढं रुंद तोंडाची काचेची बरणी, काठोकाठ नितळ 'सिद्ध तेल'. बाबा काचेचा मणी गाठीवर फिरवत, तेलात सोडत, आणि मणी पाहता पाहता नाहीसा होई.

"कण गेला, व्रण गेला, गाठ विरली, पीडा सरली!" बाबा गरजत. "चला, पुढचा!"

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई थोरल्या बहिणीला परत न्यायला आल्या होत्या. ताईच्या स्तनात गाठ होती. ऑपरेशनची तारीख ठरली होती आणि ती ताईनं परस्पर रद्द केली होती. बाई गर्दीतून वाट काढत पोचल्या तेव्हा नेमका ताईचाच मणी तेलात पडत होता. बाईंनी डोळे फाडून पाहिलं. मणी खरंच दिसेनासा झाला.

"बघितलंस ना, छोटे?" ताईचे डोळे भरून आले. "विरघळला!"

मणी गेला कुठं, हेच बाईंना डाचत राहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दहावीची हजेरी दोनदा घेतली, तेव्हा पोरं हसली.

त्या तासाला काचेच्या चिपेचा प्रयोग होता. चिपेपलीकडे खोचलेल्या टाचण्या अलीकडून पाहिल्या की जागेवरून सरकल्यासारख्या दिसत होत्या.

"काचेत शिरताना प्रकाश वाकतो, बाहेर पडताना पुन्हा वाकतो. हे अपवर्तन," बाई सवयीनं सांगत होत्या. "वाकतो, कडांवर चमकतो, म्हणूनच तर पारदर्शक असूनही काच आपल्याला दिसते. वाकलाच नाही तर..."

बाईंनी चीप उजेडाकडे धरली.

"वाकलाच नाही तर काय, बाई?" एक मुलगी म्हणाली.

बाईंनी धावत जाऊन कपाट उघडलं. चंचुपात्रात ग्लिसरीन ओतलं, त्यात काचेची कांडी बुडवली. वरचा तुकडा चिमटीत, खालचा गायब! वर्गानं टाळ्या पिटल्या. बाईंना मात्र मणीबाबांची बरणी दिसत होती.

संध्याकाळी त्यांनी तोच प्रयोग ताईच्या ओट्यावर करून दाखवला. "या काचेतून आणि ग्लिसरीनमधून प्रकाश सारख्याच वेगानं जातो गं. मग एकातून दुसऱ्यात शिरताना तो वाकत नाही, की चमकत नाही. काच तिथंच असते, पण दिसत नाही."

"ते तुझं शाळेतलं. बाबांचं तेल सिद्ध आहे."

"गाठ हाताला लागते ना अजून?"

ताई पुसलेली शेगडी पुन्हा पुसू लागली. "बाबा म्हणाले, आधी मुळं विरतात."

"मग उद्या माझ्याबरोबर चल. एवढंच कर."

दुसऱ्या दिवशी बाई बाही वर सारून थेट बरणीपाशी गेल्या. बाबा ताडकन उठले. "खबरदार! अश्रद्ध हात लागला तर सगळ्यांच्या गाठी परत येतील!"

हॉल खवळला. "ओढा तिला!" कुणीतरी बाईंचा दंड धरला. पोरीबाळींच्या बापांचे, म्हाताऱ्यांचे घाबरलेले चेहरे अंगावर आले.

"सोडा तिला!" ताई पुढं झाली. आवाज चिरकला, पण ती हटली नाही. "माझीही गाठ आहे त्यात. घालू दे हात."

बाईंनी कोपरापर्यंत हात बुडवला आणि मूठ बाहेर काढून टेबलावर उघडली. खळखळ मणी सांडले. बाईंनी पुन्हा मूठ भरून आणली. आणखी मणी! सगळे चिकट, लखलखीत, शाबूत.

बाबांना अचानक आतल्या खोलीत काहीतरी काम आठवलं.

"एकही विरलेला नाही," बाई धापा टाकत म्हणाल्या. "शाळेत या, मी हेच करून दाखवते. ही प्रकाशाची गंमत आहे, औषध नव्हे. डोळे फसतात, माझेही फसले. म्हणून तर तपासून पाहायचं. आणि गाठ डॉक्टरांना दाखवा. आजच दाखवा."

ताईनं एक मणी उचलला, बोटांत फिरवला, ठेवला. दुसरा उचलला.

"यातला माझा कुठला गं?"

ताईनं पदराला हात पुसले आणि हॉस्पिटलला फोन लावला. "ऑपरेशनची तारीख हवी होती... हो, आधीची मीच रद्द केली... लवकरात लवकरची द्या."

मागून एका म्हाताऱ्यानं हळूच विचारलं, "ताई, तो नंबर मलाही सांगता?"