गाडी सुरू असेपर्यंत

बाळाच्या मानेखालून तिने आधी कोपर काढलं, मग मनगट आणि मग एकेक बोट. शेवटची करंगळी मोकळी व्हायला जवळजवळ दोन मिनिटं लागली. बाळाने झोपेतच ओठ हलवले आणि ते पुन्हा गप्प झालं. पलीकडे, भिंतीकडे तोंड करून साडेचार वर्षांची बबडी पडली होती. तिचा श्वास संथ आणि नियमित चालला होता. एरवी पायाला भिंगरी लावलेली ही पोर दुपारी इतकी शहाण्यासारखी कशी झोपते, याचं तिच्या आईला रोज नवल वाटायचं.

दुपारचे सव्वादोन वाजेपर्यंत तिच्या नाकी नऊ आलेले असत. सात महिन्यांचं बाळ सकाळी कुठे झोपायला लागे, तर नेमकी बबडीला बालवाडीत पोचवायची वेळ होई. मग झोपलेलं बाळ खांद्यावर टाकून तीन जिने उतरायचे, आणि परत येईतो ते टक्क जागं. बबडी घरी यायची तेव्हा बाळ पेंगत असे, आणि बबडीला तेव्हाच मोठ्याने गायचं असे. सकाळचा चहा अकरा वाजेपर्यंत तीनदा गरम व्हायचा आणि शेवटी बेसिनमध्ये जायचा. आंघोळ दार उघडं ठेवून. जेवण उभ्याने, एका हाताने. दिवसभरात 'आई' अशी हाक किती वेळा येते ते तिने एकदा मोजायला घेतलं होतं. साठच्या पुढे कुठेतरी पुन्हा हाक आली आणि ती आकडा विसरली.

मुलांवर जीव नव्हता असं नाही. जीव होता म्हणून तर पळायला जागा नव्हती.

वर्षभरापूर्वीपर्यंत ती लोकांना गाडी चालवायला शिकवायची. नवराबायकोचंच ड्रायव्हिंग स्कूल होतं, दोन गाड्यांचं. बायका आवर्जून तिच्याकडे येत, कारण ती ओरडायची नाही. शिकणारी चुकून उलट दिशेच्या गल्लीत शिरो, समोरून टेम्पो येवो, की भर चौकात स्टिअरिंगवर डोकं टेकून रडायला लागो, ती शेजारी शांत बसलेली असे. तिच्या पायाशी आणखी एक ब्रेक होता आणि आणखी एक क्लच. सगळे तिला 'मॅडम' म्हणायचे. आता नवरा सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच दुसऱ्या गाडीवर शिकवत होता, आणि तिची गाडी इमारतीच्या आवारात भिंतीला लागून धूळ खात उभी होती.

बॅटरी उतरेल, आठवड्यातून दोनदा दहा मिनिटं सुरू करून ठेवत जा, हे नवऱ्यानेच सांगितलं होतं. मुलांना झोपवून ती पहिल्यांदा खाली गेली तेव्हा सगळा जीव वर अडकलेला होता. गाडीत बसून सातेक मिनिटं झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की मघापासून आपण कुणाचंच काही ऐकत नाही आहोत. त्या दिवसापासून बॅटरीचं निमित्त रोजचं झालं. सव्वादोनला खाली, अडीचच्या आत वर, असे दोन महिने झाले. नवऱ्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. तुमची चैन आहे बुवा, दुपारी तिघंही घोरता, अशी थट्टा तो करायचा आणि ती हसून घ्यायची. पोरांना कुलपात ठेवून खाली जाणं बरं नाही, हे तिला कळत होतं. पण ही दहा मिनिटं गेली तर उरलेला दिवस आपल्याच्याने निभणार नाही, हेही तिला तितकंच पक्कं कळत होतं.

आज मात्र बाळाला सर्दी होती. नाक घरघरत होतं. जावं की राहू द्यावं, असं करत ती पलंगाशी जरा वेळ उभी राहिली आणि मग तिला युक्ती सुचली. स्कूलचा जुना फोन घरातच पडून होता. आपला फोन मुका करून त्यावर तिने जुन्या फोनवरून फोन लावला, उचलला आणि बाळाच्या उशाशी दुपट्याच्या घडीखाली सरकवला. जुन्या फोनवर आपल्या बाजूचा आवाज बंद करून टाकला. आता बाळ नुसतं शिंकलं तरी खाली ऐकू येणार होतं. हे इतके दिवस कसं सुचलं नाही, असं म्हणत ती स्वतःवरच खूश झाली. तो आणि चपला हातात घेतल्या, दार आवाज न करता ओढून घेतलं आणि जिना उतरली.

गाडीत ती नेहमीसारखी आपल्याच जागी बसली, शिकवणाऱ्याच्या. हात लांब करून किल्ली फिरवली. इंजिन दोनदा खोकलं आणि सुरू झालं. शेजारची सीट रिकामी होती, आणि रिकामी होती हेच केवढं सुख होतं. तिने काचा वर केल्या, पाय ब्रेकवर ठेवला आणि मान मागे टाकली. समोरच्या भिंतीवर एक मांजर अंग चाटत बसलं होतं. त्याच्याकडे बघण्यापलीकडे तिला आता काहीच करायचं नव्हतं. कानाशी धरलेल्या फोनमध्ये बाळाचा श्वास येत होता, जात होता.

चार मिनिटं अशी गेली. मग फोनमध्ये पलंग करकरला.

ती सावरून बसली. फरशीवर छोटी पावलं वाजली. झोपेत चाचपडणारी किंवा घाबरून आईला शोधणारी ती पावलं नव्हती, रोजच्या वाटेवरून चालणारी होती. मग काहीतरी लाकडी ओढल्याचा आवाज आला. हात धुताना बबडी ज्यावर चढायची ते स्टूल तिने ओळखलं. त्या आवाजाने बाळ कुरकुरलं.

"शूऽऽ," फोनमधून बबडीचा आवाज आला. "रडायचं नाही. आई खाली बसलीये."

तिचा हात गाडीच्या दाराकडे गेला. बाळाची कुरकुर वाढली.

"हे घे. हे चोख. थोडंच चोख हं, माझं आहे." कुरकुर थांबली. "तू रडलास ना, की आई लगेच वर येते. मग तिला बसता येत नाही. तिला दहा मिनिटं बसायचंय."

दारावरचा हात तिथेच राहिला.

तिने वाकून बाजूच्या काचेतून वर पाहिलं. तिसऱ्या मजल्यावर, झोपायच्या खोलीच्या खिडकीत, जाळीमागे बबडीचं कपाळ दिसत होतं आणि जाळीत अडकवलेली बोटं. तिथून पोरीला फक्त गाडीचं छप्पर दिसत असणार. तरीही चोरी पकडली गेल्यासारखी ती झटकन मागे सरली.

"अजून सुरूच आहे," बबडी वरून बाळाला सांगत होती. "बंद झाली की आपण झोपायचं. पटकन झोपायचं. तुला येतं का असं झोपायला? मला येतं."

तिने फोन कानाशी आणखी दाबला. बालवाडीच्या ताईंनी परवाच विचारलं होतं, ही दुपारी झोपत नाही का, सकाळी सारखी पेंगत असते. त्यावर तिने ठणकावून सांगितलं होतं, झोपते की, चांगली दोन तास झोपते. आणि त्याआधीची, दोन महिन्यांपूर्वीची एक दुपार तिला आठवली. बाळ रडत होतं, गॅसवर दूध उतू गेलं होतं, आणि बबडी 'आई, बघ ना, बघ ना' म्हणत तिची बाही ओढत होती. कधी कुणावर न ओरडणाऱ्या मॅडम तेव्हा किंचाळल्या होत्या, की तुम्ही झोपलात तरच मला दहा मिनिटं बसायला मिळतं, कळतंय का तुला? बबडीने मान हलवली होती. तिला वाटलं होतं, पोर घाबरून मान हलवतेय. पोरीला खरंच कळलं होतं.

तिला रडू आलं. रागही आला, आणि तो नक्की कुणाचा ते ठरेना. किल्ली हाताशी होती, पण फिरवता येईना. बसून राहावं, तर पोर वर खिडकीत पहारा देत उभी. उठावं, तर पोर धावत जाऊन झोपेचं सोंग घेणार. ज्या दहा मिनिटांवर तिने दोन महिने काढले होते, ती कुणीतरी तिला रोज आपल्या झोपेतून काढून देत होतं, आणि देणारीचा हात अजून स्टुलाशिवाय नळापर्यंत पोचत नव्हता.

शेवटी तिने किल्ली फिरवली.

"बंद झाली," बबडी म्हणाली. स्टूल ओढलं गेलं, पावलं पळाली, पलंग करकरला. "डोळे मिट," असं कुजबुजणं ऐकू आलं, आणि मग तिचा श्वास. संथ, नियमित.

ती वर आली तेव्हा बाळ जागंच होतं. बबडी आपल्या ज्या बाहुलीला कुणाला हात लावू देत नसे, तिचा पाय त्याच्या तोंडात होता. बबडी भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि तिच्या टाचा फरशीवरच्या धुळीने काळ्या झालेल्या होत्या. आईने दुपट्याखालचा फोन काढून बंद केला. बोलावं असं खूप होतं. पण शाबास म्हणणं म्हणजे उद्याही असंच कर, असं सांगण्यासारखं होतं. रागवायचं तर कशाबद्दल रागवायचं? आणि मला सगळं कळलं म्हटलं, तर एवढ्याशा पोरीने एवढे दिवस निगुतीने सांभाळलेली गोष्ट तिच्या हातून काढून घेतल्यासारखं झालं असतं. तिने बबडीच्या पायांवर चादर ओढली आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली.

संध्याकाळी जेवताना नवऱ्याने बॅटरीची चौकशी केली. रोज सुरू करते म्हटल्यावर तो हसला. इतकी काळजी नको, म्हणाला, आता आठवडाभर हात लावला नाहीस तरी चालेल.

बबडीने ताटातून मान वर केली. "मग आई कुठे बसणार?"

"घरात एवढ्या खुर्च्या आहेत की," तो म्हणाला, आणि त्याने तिच्या ताटात आणखी भात वाढला. बबडीने आईकडे पाहिलं. आईने बाळाचं तोंड पुसायला घेतलं, ते पुसलेलंच होतं तरी.

दुसऱ्या दिवशी सव्वादोनला तिने बाळाच्या मानेखालचा हात काढलाच नाही. गाडीची किल्ली बाहेरच्या खोलीत होती, ती तिथेच राहू दे, असं तिने सकाळीच ठरवलं होतं. बाळ आज झोपायचं नावच घेत नव्हतं. स्वतःच्या पायाचा अंगठा पकडायचा त्याचा उद्योग चालला होता. बबडी भिंतीकडे तोंड करून पडली होती, संथ, नियमित श्वास घेत. अडीच वाजत आले.

तिला जायचं होतं. जायचं नाही असं ठरवून झाल्यावरही तिचे पाय जिन्याकडे ओढ घेत होते, आणि त्याची तिला लाज वाटत होती. पोर खरीखुरी झोपली असती, तर तिला समाधानाने तसंच पडून राहता आलं असतं. पण ती शेजारी होती तोवर पोर झोपणार नव्हती. ती खाली जाईल याची पोर वाट बघत होती, आणि पोर झोपेल याची ती.

बबडीचा श्वास जरासा चुकला.

"आई," भिंतीकडे तोंड करूनच ती हळू आवाजात म्हणाली, "मी झोपलेय."

तिने हात पुढे करून बबडीच्या पाठीवर ठेवला. पाठ ताठ होती.

"मीपण," ती म्हणाली आणि तिने डोळे मिटले.

दोघी तशाच पडून राहिल्या, एकमेकींच्या श्वासाचा कानोसा घेत. उघड्या डोळ्यांनी जागं होतं ते फक्त बाळ.